वेक-सिम आणि त्याचं फुकट ट्रेनिंग: लाटांपासून वीज या विषयात नवीन असाल तर वाचा

लाटांपासून वीज या विषयात एमटेक प्रोजेक्ट किंवा पीएचडी घेतलेल्या पोरापोरींचे मेसेज अधूनमधून येत असतात आणि प्रश्न फिरून फिरून तोच, सुरुवात कुठून करू, कुठला कोर्स लावू, त्या अमक्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरू का. दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे टाकते. रिव्ह्यू वेक-सिमचा आहे, म्हणजे ते सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत मिळणारं सगळं शिकवणीचं सामान, टुटोरियल, वेबिनार, गिटहबवरची चर्चा, सगळं धरून. आधीच सांगते, मला ते आवडतं, रोज वापरते, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारी पोरं बघितली की पोटात गोळा येतो, आणि खरं तर त्यासाठीच एवढं लिहायला बसलेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या दोन सरकारी लॅब, कोलोरॅडोतली एनआरईएल (हे तिचं तेव्हाचं नाव) आणि न्यू मेक्सिकोतली सँडिया, यांनी मिळून हे बनवलं, पहिली आवृत्ती २०१४ मध्ये आली, ओपन सोर्स आहे, गिटहबवरून कुणीही उतरवून घ्यावं. समुद्रात तरंगणारं तुमचं यंत्र कसं आहे, त्याला किती उंचीच्या आणि किती सेकंदांच्या लाटा लागतायत, आणि हालचालीतून वीज काढणारा भाग म्हणजे पीटीओ किती घट्ट आहे, एवढं सांगितलं की यंत्र क्षणाक्षणाला कसं हलेल, कुठे किती जोर येईल, सरासरी पॉवर किती मिळेल हे ते काढून देतं. आत १९६२ चं कमिन्सचं समीकरण आहे, जे मुळात जहाजांसाठी मांडलेलं. त्यातली गंमत अशी की तरंगणारी वस्तू हलली की ती स्वतःच लाटा उठवते आणि त्या लाटांचा दाब तिच्यावर नंतरही काही सेकंद येत राहतो, म्हणजे आत्ताचा जोर काढायचा तर मागचा हिशोब पण धरावा लागतो. हे पुस्तकात वाचून डोक्यावरून जातं, इथे दोन ग्राफ काढले की कळतं.

आता सॉफ्टवेअरच का, एखाद्या यंत्राचं ट्रेनिंग का नाही? कारण या क्षेत्रात ‘हेच यंत्र’ असं काही ठरलेलंच नाहीये. पवनचक्कीवाल्यांचं बरं असतं, तीन पाती, उंच खांब, कित्येक वर्षांपूर्वी ठरलं, आता सगळं मोठं करण्यात चाललंय. लाटांचं मात्र अजून कशात काही नाही. स्टीफन सॉल्टर यांनी एडिंबरामध्ये तेलसंकटानंतर ‘डक’ नावाचं लाटेवर डोलणारं यंत्र काढलं, त्यांचा पेपर १९७४ चा. पेलामिस नावाचा लांबलचक सापासारखा प्रकार २००८ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ तीन यंत्रं लावून वीज देत होता, २०१४ मध्ये कंपनी बुडाली. ऑयस्टर म्हणजे किनाऱ्याजवळ तळाला बिजागरीने बसवलेलं मोठं झडपेसारखं पान, ते बनवणारी कंपनी २०१५ मध्ये गेली. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकूला मात्र बंदराच्या धक्क्यातच सोळा कोठ्या बांधल्यात, लाट आत आली की हवा दाबली जाते आणि त्या हवेवर टर्बाइन फिरतात, २०११ पासून, क्षमता २९६ किलोवॉट. आणि आपल्याकडे केरळात विळिंजमला याच तत्त्वावरचा १५० किलोवॉटचा प्लांट १९९१ मध्येच उभा राहिला होता, हे आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना कुणी सांगतच नाही. तर मुद्दा असा की तुम्ही शिकलेलं यंत्र उद्या राहील की नाही याची गॅरंटी नाही, पद्धत राहील, आणि पद्धत शिकवणारी फुकट गोष्ट म्हणून वेक-सिमला माझ्या लेखी तोड नाही.

ट्रेनिंगची सुरुवात आरएम३ नावाच्या उदाहरणाने होते. हे खरं बाजारातलं यंत्र नाही, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अभ्यासासाठी तयार केलेलं नमुन्याचं मॉडेल आहे, कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्टच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र डोळ्यासमोर ठेवून. वर २० मीटर व्यासाचा बोया, वजन साधारण ७२७ टन, त्याच्या मधून खाली जाणारा लांब खांब आणि खांबाच्या तळाशी ३० मीटर व्यासाची प्लेट, तिचं खांबासकट ८७८ टन. वरचा बोया लाटेबरोबर वरखाली होतो, खालची प्लेट खोल शांत पाण्यात असल्यामुळे सहजासहजी हलत नाही, आणि दोघांच्या मधल्या फरकातून वीज. इनपुट फाइल उघडलीत की आत सगळं साध्या ओळींमध्ये लिहिलेलं असतं, लाटेची उंची २.५ मीटर, पिरियड म्हणजे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचा वेळ ८ सेकंद, पीटीओचं डँपिंग म्हणजे तो हालचालीला किती विरोध करतो ते १२ लाख न्यूटन-सेकंद प्रति मीटर, एकूण ४०० सेकंदांचा रन, त्यातले पहिले १०० सेकंद लाट हळूहळू वाढवत नेण्याचे. कमांड विंडोमध्ये वेकसिम टाइप करा, एंटर मारा, झालं.

रन चालू झाला की मेकॅनिक्स एक्सप्लोररची विंडो उघडते आणि बोया वरखाली नाचायला लागतो. इथे एक गोष्ट नवीन पोरांना हमखास चकवते, विंडोमध्ये पाणीच नसतं. राखाडी मोकळ्या जागेत बोया आपला हवेत हलतोय. पाणी गणितात असतं, दिसत नाही, दिसायला हवं असेल तर पॅराव्ह्यू नावाच्या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट काढायची वेगळी सोय आहे. काही जणांना वाटतं काहीतरी चुकलं आणि ते पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. नका करू, ते तसंच आहे.

आणि आता खरा धडा. फाइलमधलं डँपिंग शून्य करा आणि रन करा. बोया मस्त मोकळा हलेल, पॉवर शून्य. मग डँपिंग शंभर पट करा, बोया आणि खांब जवळजवळ जखडले जातील, दोघं एकत्र हलतील, पॉवर पुन्हा शून्याच्या जवळ. मधे कुठेतरी एक आकडा आहे जिथे सगळ्यात जास्त मिळतं, आणि लाटेचा पिरियड बदलला की तो आकडा पण सरकतो. या एका खेळात या विषयातला अर्धा कंट्रोलचा प्रश्न आला बघा, कारण खऱ्या समुद्रात पिरियड सतत बदलत असतो आणि दर वेळी ती जागा शोधत राहायचं म्हणजे कंट्रोलरचं काम. जिथे मी असे तास घेतले तिथे हा खेळ झाल्यावर पोरं आपणहून प्रश्न विचारायला लागलेली बघितलीत, त्याआधी नाही.

आता माझी तक्रार. म्हणजे सॉफ्टवेअरबद्दल नाही, ते वापरण्याबद्दल. वेक-सिम सांगकाम्या आहे. तुम्ही जे द्याल ते तो इमानदारीत सोडवेल आणि उत्तर अशक्य असलं तरी देईल, ते अशक्य आहे हे ओळखणं तुमच्याकडे. आमच्याकडचा एक ज्युनिअर, हुशार मुलगा, आरएम३ सोडून स्वतःच्या डिझाइनचा बोया घेऊन आला, अगदी खुशीत, “ताई, बघ ना, दोन मेगावॉट ॲव्हरेज येतंय!” म्हटलं कुठल्या लाटेला, तर तीच, अडीच मीटर, आठ सेकंद. म्हटलं वही काढ.

हिशोब असा. खोल पाण्यात नियमित लाटेची पॉवर म्हणजे दर मीटर रुंदीला साधारण ०.९८ गुणिले उंचीचा वर्ग गुणिले पिरियड, किलोवॉटमध्ये. अडीचचा वर्ग सव्वासहा, गुणिले आठ, म्हणजे ४९ किलोवॉट प्रति मीटर. आठ सेकंदांच्या लाटेची लांबी १.५६ गुणिले आठाचा वर्ग, म्हणजे साधारण १०० मीटर. आणि फक्त वरखाली हलणारा गोल बोया, तो केवढाही असो, जास्तीत जास्त लाटेच्या लांबीला दोन पायने भागून येईल तेवढ्या रुंदीतली पॉवर घेऊ शकतो, हे सत्तरच्या दशकातच सिद्ध झालंय. शंभर भागिले ६.२८, म्हणजे १६ मीटरच्या आसपास. गुणाकार केला की ७८० किलोवॉट. ही मर्यादा निसर्गाची आहे, त्यात तुमच्या पीटीओचा, पैशांचा, हुशारीचा काही संबंध नाही. दोन मेगावॉट येऊच शकत नाही.

मग शोधाशोध. मेशमध्ये निघालं. बोयाचा पृष्ठभाग छोट्या छोट्या तुकड्यांत म्हणजे पॅनलमध्ये तोडतात, आणि प्रत्येक पॅनलची दिशा बाहेर पाण्याकडे असावी लागते. याच्या मेशमध्ये एका पट्ट्यातल्या पॅनलची दिशा उलटी, आतल्या बाजूला. त्यामुळे काही फ्रीक्वेन्सींना रेडिएशन डँपिंग (बोयाने उठवलेल्या लाटांत जाणाऱ्या ऊर्जेचा आकडा) निगेटिव्ह आलं होतं, म्हणजे बोया हलला की त्याची ऊर्जा लाटांत जाण्याऐवजी उलट समुद्रच त्याला ऊर्जा देत सुटलाय. पुढचं सगळं वेक-सिमने बरोबर केलं, चुकीच्या आकड्यांवर. पोराने डँपिंगचा ग्राफ काढून नुसता बघितला असता तरी शून्याच्या खाली गेलेली रेषा दिसली असती, आणि तो ग्राफ काढायची सोय बेमिओ नावाच्या त्यातल्याच भागात आहे. म्हणून सांगते, मॉडेल रन करायच्या आधी तो ग्राफ, आणि रन झाल्यावर वहीतली वरची मर्यादा. हे दोन न करता गाइडसमोर आकडा घेऊन जाऊ नका.

अजून एक जागा जिथे सगळे अडखळतात. नियमित लाट सोडून खऱ्यासारख्या अनियमित लाटा लावल्या की पॉवर एकदम निम्म्यावर येते आणि मग “मॉडेल बिघडलं” म्हणून मेसेज. बिघडलेलं नाही. अनियमित समुद्रात जी उंची सांगतात ती सिग्निफिकंट उंची, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी, आणि तिथे सूत्रातला आकडा ०.९८ नाही, ०.४९ आहे. त्याच अडीच मीटर, आठ सेकंदांना ४९ ऐवजी २४.५ किलोवॉट प्रति मीटर. समुद्रातच अर्धी ऊर्जा आहे तर यंत्र कुठून आणणार. आणि अनियमित लाटांमध्ये फेजसीड नावाचा एक आकडा असतो, तो फिक्स केला नाही तर प्रत्येक रनला लाटांचा क्रम वेगळा येतो आणि उत्तरही थोडं वेगळं. पेपरमध्ये एकाच रनचा आकडा टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा, रिव्ह्यूअर करतोच.

लायसन्सचं बोलू. वेक-सिम फुकट आहे पण ते मॅटलॅबवर चालतं, आणि नुसतं मॅटलॅब नाही, सिम्युलिंक, सिमस्केप आणि सिमस्केप मल्टिबॉडी पण लागतं. मोठ्या इन्स्टिट्यूटमध्ये कॅम्पस लायसन्स असतं तिथे प्रश्न नाही, पण छोट्या गावातल्या कॉलेजच्या पोराला हा खर्च झेपणारा नाही. ‘ओपन सोर्स’ म्हणताना ही मेख सांगितली पाहिजे, बरेच लोक सांगत नाहीत. यासाठी एक स्टार कापलाय. पर्याय आहेत, हायड्रोक्रोनो नावाचं पूर्ण ओपन सोर्स टाइम-डोमेन, म्हणजे क्षणाक्षणाचा हिशोब करणारं टूल आहे, सँडियाचंच वेकऑप्टटूल पायथनमध्ये आहे आणि डिझाइन नि कंट्रोल एकत्र ऑप्टिमाइझ करायला भारी आहे, पण हात धरून शिकवण्याच्या बाबतीत दोन्ही वेक-सिमच्या मागे आहेत असं माझं मत.

एक भाग मात्र खरोखर फुकटात सुटलाय. वेक-सिमला सुरुवातीला हायड्रोडायनॅमिक आकडे, म्हणजे पाणी त्या आकाराच्या वस्तूवर किती जोर लावतं ते, बाहेरून द्यावे लागतात, यासाठी पूर्वी वॅमिटसारखी महागडी सॉफ्टवेअर लागायची. २०१४ मध्ये फ्रान्सच्या नांतमधल्या एकोल सेंत्रालने नेमोह ओपन सोर्स केलं आणि त्याच्यावरून पुढे पायथनमध्ये कॅपिटेन आलं. कॅपिटेन घ्या. इन्स्टॉल करायला सोपं, बोया कोडमध्येच दोन-चार ओळीत बनवता येतो, आणि पॅनलची संख्या वाढवत नेऊन उत्तर कधी स्थिर होतं हे पाहता येतं. वेक-सिमच्या आधी आठवडाभर तरी नुसतं कॅपिटेनशी खेळा असं मी सगळ्यांना सांगते, कोणी ऐकत नाही, सगळ्यांना ॲनिमेशन बघायची घाई.

शिकवणीच्या सामानाबद्दल. डॉक्युमेंटेशन चांगलं आहे, थिअरीचं पान तर प्रिंट काढून ठेवण्यासारखं. वेबिनारची रेकॉर्डिंग फुकट आहेत, मूरिंग (यंत्र दोरांनी तळाला बांधणं), नॉन-लिनिअर इफेक्ट, एकाच वेळी अनेक केसेस चालवणं, कंट्रोल, असे वेगवेगळे विषय सुटे सुटे घेतलेत त्यामुळे हवं तेवढंच बघता येतं. एक सांभाळा, पाचव्या आवृत्तीत व्हेरिएबलची बरीच नावं बदलली, पूर्वी लाटेची उंची आणि पिरियड नुसत्या एच आणि टीने लिहायचे आता पूर्ण शब्द लिहावे लागतात, पीटीओच्या के आणि सीचंही तसंच. त्यामुळे जुन्या व्हिडिओतला कोड जसाच्या तसा टाइप केला की एरर येणार, घाबरायचं नाही, नवीन नावं टाकायची. आणि लिनिअर थिअरीत पाण्याचं घर्षण, भोवरे काही येत नाही हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, ड्रॅगचा म्हणजे त्या अडथळ्याचा आकडा तुम्ही स्वतः भरायचा असतो, पण तो कुठून आणायचा हे मात्र कुणी ताटात वाढून देत नाही. आरएम३ च्या प्लेटसारख्या गोष्टीला तो आकडा खूप महत्त्वाचा आहे. लाटांच्या टँकमधल्या चाचणीतून, नाहीतर सीएफडी म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या सविस्तर सिम्युलेशनमधून, नाहीतर आधीच्या पेपरमधून आणा.

याच्या शेजारी पैसे भरून केलेला एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स ठेवते, नाव घेत नाही. सर्टिफिकेट छान होतं, जाड अक्षरात नाव वगैरे. आत निम्मे तास जगात समुद्रात किती ऊर्जा आहे, हवामान बदल किती गंभीर आहे, आणि यंत्रांचे प्रकार चित्रांसहित. हे सगळं खरं आहे पण ते मला आधीपासून पटलेलं होतं म्हणून तर मी फी भरली ना! गणित आलं की “हे ॲडव्हान्स्ड मॉड्यूलमध्ये बघू”, आणि ॲडव्हान्स्ड मॉड्यूलची फी वेगळी. असाइनमेंट म्हणजे चार पर्यायांतून एक निवडा. कुठल्याही ठिकाणी इंटरव्ह्यूला त्या सर्टिफिकेटबद्दल कुणी एक प्रश्न विचारलेला नाही, उलट स्वतः केलेल्या मॉडेलचा गिटहब दाखवला तिथे गप्पा रंगल्या. तेव्हा पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, कोर्समध्ये मी स्वतः एखादं मॉडेल चालवणार का, आणि ते चुकलं तर कोण सांगणार. उत्तर गुळमुळीत आलं तर राहू द्या.

आता वेक-सिम जे शिकवू शकत नाही ते. समुद्र आणि टँक. युरोपने या बाबतीत काम मनावर घेऊन केलं, वेव्हट्रेनसारखे युरोपियन युनियनच्या मारी क्युरी योजनेतले ट्रेनिंग प्रकल्प काढले, पोरं या देशातल्या लॅबमधून त्या देशातल्या लॅबमध्ये फिरवली. मॅरिनेट२ नावाच्या प्रकल्पातून टँक फुकट वापरायला दिले. पोर्तुगालच्या अझोर्समधल्या पिको बेटावरचा लाटांवर चालणारा ४०० किलोवॉटचा प्लांट १९९९ चा, २०१८ मध्ये त्याचा काही भाग कोसळला, पण तोवर गंजलेले बोल्ट आणि बंद पडलेलं टर्बाइन हे प्रत्यक्ष हाताळता येईल अशा मोजक्या जागांपैकी ती एक होती. आयनोर हे तरुण संशोधकांनीच उभं केलेलं नेटवर्क. हे सगळं नसताना नुसत्या लॅपटॉपवर शिकणाऱ्याचं काय होतं, तर त्याला वाटतं पीटीओमध्ये घर्षण नसतं, दोर तुटत नाहीत आणि सेन्सर कधी खोटं बोलत नाही.

टँक का लागतो त्याचा एक छोटा हिशोब. एडिंबराचा फ्लोवेव्ह टँक गोल आहे, २५ मीटर व्यास, २ मीटर खोल, कडेने १६८ फळ्या, त्या कुठल्याही दिशेने लाट उठवू शकतात. तिथे विसाव्या हिश्शाचं मॉडेल ठेवलं असं समजा. आठ सेकंदांची लाट तिथे १.८ सेकंदांची होते, हे ठीक. पण पॉवर स्केलच्या साडेतीनाव्या घाताने कमी होते, म्हणजे वीसला जवळपास ३६ हजार पट. खऱ्या यंत्राचे ३०० किलोवॉट तिथे साडेआठ वॉटपण भरत नाहीत. एवढ्याशा पॉवरमध्ये एखाद्या बेअरिंगचं घर्षण अर्धा हिस्सा खाऊन टाकू शकतं आणि तुमचा सगळा निकाल बेअरिंगचा होतो, यंत्राचा नाही. हे वेक-सिममध्ये कधीच कळणार नाही. त्यामुळे कुठेही, कितीही छोटा टँक हाताला लागत असेल तर सोडू नका. पुण्याच्या आसपास असाल तर खडकवासल्याचं सीडब्ल्यूपीआरएस म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासूनचं आहे, बंदरांची आणि लाटांची मॉडेल्स तिथे होतात, कॉलेजमार्फत परवानगी काढून निदान बघून या. वीजनिर्मितीशी थेट संबंध नाही पण लाट कशी बनवतात, कशी मोजतात, भिंतीवरून उलटी येऊन सगळं कसं बिघडवते, हे डोळ्यांनी बघायला मिळतं.

कोकणवाले नेहमी विचारतात, आपल्याकडे होईल का. मी पण रत्नागिरीकडचीच, त्यामुळे मलाही उत्तर ‘हो’ असावं असं वाटतं. पण इनपुट बदलून बघा. पावसाळ्यात समजा अडीच मीटर, आठ सेकंद, तर २४.५ किलोवॉट प्रति मीटर. बाकी महिन्यांत समजा पाऊण-एक मीटर, ०.८ धरा, सात सेकंद, तर जेमतेम २.२. दहा पटींपेक्षा जास्त फरक. यंत्र पावसाळ्यासाठी मोठं केलं तर आठ महिने अंग हलवत बसणार, छोटं केलं तर पावसाळ्यात मार खाणार. हा आपला स्वतःचा रिसर्च प्रश्न आहे, हम्बोल्टचा नाही, आणि यासाठी लाटांचा खरा डेटा घ्या, गोव्याच्या एनआयओने म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने रत्नागिरीसमोरच्या लाटा मोजून त्यावर पेपर लिहिलेत, ते वाचा. तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये सिंधुजा-१ ची चाचणी केली, ती १०० वॉटची. वॉटची, किलोवॉटची नाही. हसू नका, समुद्रात सहा किलोमीटर आत यंत्र टाकून परत आणणं हीच मोठी परीक्षा असते, आणि समुद्रातच बसवलेल्या छोट्या उपकरणांना, सेन्सरना एवढ्या पॉवरचा उपयोग आहे.

नोकरीचं खरं सांगायचं तर फक्त लाटांच्या भरवशावर राहू नका. कंपन्या कमी आणि बुडालेल्या जास्त. पण वेक-सिम करताना जे शिकता, तरंगत्या वस्तूचं गणित, मूरिंग, टाइम-डोमेन सिम्युलेशन, लाटांचा डेटा, ते जवळजवळ सगळं तरंगत्या पवनचक्क्यांमध्ये, ऑफशोअरमध्ये, जहाजांच्या क्षेत्रात चालतं. माझ्या बरोबरचे काही जण तिकडे गेले आणि बरे कमावतायत.

रेटिंग: शिकण्यासाठी पाचपैकी साडेचार, मॅटलॅबचं लायसन्स स्वतःच्या खिशातून भरावं लागत असेल तर साडेतीन. गणिताची भीती असलेल्या आणि फक्त विषयाची ओळख हवी असलेल्यांनी घेऊ नये, कंटाळा येईल. ज्यांना यात दोन-चार वर्षं काढायची आहेत त्यांनी आजच उतरवून घ्या. अडलात तर गिटहबच्या इश्यूमध्ये विचारा, बनवणारी माणसंच तिथे उत्तरं देतात, पण विचारताना वेक-सिमची आणि मॅटलॅबची आवृत्ती लिहा, इनपुट फाइल जोडा, पूर्ण एरर मेसेज पेस्ट करा, आणि आधी तोच प्रश्न कुणी विचारलाय का ते शोधा. नुसतं “नॉट वर्किंग, प्लीज हेल्प” लिहिलं तर कुणी फिरकत नाही, आणि तोच स्क्रीनशॉट मग मला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, अर्धा एरर नेहमी कापलेला असतो.